बाबा कधी येणार? : वडील फील्डवर असताना लहान मुलांना वाढवणे

घणसोलीची_आई

नमस्कार. माझे यजमान सैन्यात हवालदार आहेत आणि सध्या त्यांचे फील्ड पोस्टिंग, म्हणजे कुटुंबाला बरोबर नेता येत नाही अशी नेमणूक, चालू आहे. त्यांचे युनिट आणि ठिकाण मी येथे लिहिणार नाही. प्रतिसाद देणाऱ्यांनीही आपापल्या घरातले तेवढे तपशील झाकून ठेवावेत, ही विनंती.

मी घणसोलीत सासू-सासऱ्यांबरोबर राहते. सासरे मूळचे सातारा जिल्ह्यातले. वाशीच्या बाजार समितीत माथाडी म्हणून त्यांची उमेदीची वर्षे गेली. मोठी मुलगी सीनियर केजीत आहे आणि धाकटा मुलगा दहा महिन्यांचा आहे. यजमान ड्यूटीवर परतले तेव्हा तो नुकती मान धरू लागला होता.

मुलगी रोज झोपताना एकच विचारते, "बाबा कधी येणार?" मला उत्तर ठाऊक नसते, आणि क्वचित अंदाज असला तरी तो खरा ठरेल याची खात्री नसते. मंजूर झालेली सुट्टी ऐनवेळी पुढे गेल्याचे आमच्या घराने पाहिले आहे. सासूबाईंचे म्हणणे असे की, बापाचे नाव सारखे काढले की पोर झुरते, त्यामुळे विषयच काढू नये. त्यांनी दोन मुलगे वाढवले आहेत आणि माझ्या मुलांवर त्यांचा जीव आहे, म्हणून त्यांचे म्हणणे मी सहज बाजूला सारत नाही. तरीही घरातल्या माणसाचे नाव घरात घ्यायचे नाही, हे मला पटत नाही. ज्यांनी या काळातून मुले वाढवली आहेत त्यांनी काय सांगितले आणि कशाचा उपयोग झाला, हे मला सविस्तर वाचायचे आहे.

पाचपाखाडीची_आजी

तुमचा प्रश्न वाचला आणि उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि त्यानंतर ऑपरेशन पराक्रमसाठी सैन्य सीमेवर गेले, ते ऑक्टोबर २००२ पर्यंत. त्या वेळी माझा मुलगा चार वर्षांचा होता आणि आम्ही ठाण्यात माझ्या आईकडे होतो. यजमानांचा फोन आला तर आला. बाकी सारा आधार पत्रांचा होता आणि पत्ता म्हणजे युनिटचे नाव व त्याखाली "द्वारा ५६ एपीओ", म्हणजे सैन्याचे टपाल कार्यालय. युद्ध होणार की नाही हे कोणालाच माहीत नव्हते, आणि माझ्या आईनेही मला तेच सांगितले होते जे तुमच्या सासूबाई सांगत आहेत.

मी उलट केले आणि आजही तेच योग्य मानते. नाव काढले नाही म्हणून मूल विसरत नाही. घरातली मोठी माणसे एखादे नाव घ्यायचे टाळतात, हे त्याला बरोबर कळते, आणि मग ते विचारायचे थांबते. विचारणे थांबले म्हणजे झुरणे थांबले, असा आपण समज करून घेतो. माझ्या मुलाने विचारले की मी सांगायचे, "बाबा सीमेवर आहेत, त्यांचे काम अजून संपलेले नाही, काम संपल्यावर साहेब त्यांना घरी पाठवतील. कोणत्या दिवशी ते मला ठाऊक नाही. कळले की सर्वांत आधी तुला सांगेन." तो रडायचा आणि मी त्याला रडू द्यायचे. पाच-दहा मिनिटांत तो खेळायला जायचा.

पत्रे आम्ही दोघे मिळून लिहायचो. तो कागदावर रेघोट्या ओढायचा आणि त्यांचा अर्थ मला सांगायचा, तो मी खाली अक्षरांत लिहायचे. यजमानांनी ते सगळे कागद ट्रंकेत जपून आणले होते. तुमच्याकडे व्हिडिओ कॉल आहे, तरीही मुलीला अधूनमधून कागदावरचे काहीतरी पाठवू द्या. टपाल अजूनही त्याच पद्धतीने जाते आणि जवानाच्या हातात येणाऱ्या कागदाची किंमत फोनला येत नाही.

निवृत्त_सुभेदार_कळवा

आजींच्या प्रत्येक शब्दाशी सहमत आहे. मी दुसऱ्या बाजूने, म्हणजे लांब राहिलेल्या बापाच्या बाजूने लिहितो.

जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक रजा आणि ३० दिवस नैमित्तिक रजा असते, हे घरच्यांना माहीत असते आणि त्यावरून ते हिशेब मांडतात. पण ती कधी मिळेल हे युनिटमध्ये किती माणसे हजर आहेत, कोण आधी गेला आहे, रस्ता उघडा आहे का आणि वरून काय हुकूम आला आहे यावर ठरते. उंचावरच्या ठाण्यावरून खाली उतरायलाच हवामानामुळे काही दिवस जातात. म्हणून माझ्या प्लाटूनमधल्या पोरांना मी सांगत असे की, सुट्टीचा कागद हातात आला तरी लेकराला तारीख सांगू नका. रेल्वेत बसल्यावर सांगा. बायकोला सांगा, आईवडिलांना सांगा, कारण मोठ्या माणसाला बेत बदललेला समजतो. चार-पाच वर्षांच्या मुलाला तो बापाने मोडलेला शब्द वाटतो.

दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडे बहुतेक घरांत जवान रात्रीच्या गाडीने निघतो आणि मूल झोपलेले असतानाच त्याच्या कपाळावरून हात फिरवून बाहेर पडतो. त्याला वाटते, बरे झाले, रडणे टळले. सकाळी मूल उठते तर बाप नाही! पुढे कित्येक दिवस ते झोपायला घाबरते, कारण झोपले की माणूस नाहीसा होतो असे त्याने पाहिलेले असते. गाडी रात्रीची असली तरी निरोप संध्याकाळी, जागेपणी, मुलाला मांडीवर घेऊन झाला पाहिजे. मूल रडेल, बापाच्याही डोळ्यांत पाणी येईल, त्यात काही बिघडत नाही. पुढच्या वेळी तुमचे यजमान निघतील तेव्हा हे जरूर करा.

आणि कृपया "बाबा येऊ देत, मग सांगते त्यांना" ही धमकी घरातून हद्दपार करा. जो माणूस वर्षातून थोडे दिवस घरी येणार आहे, त्याची ओळख मुलाला शिक्षा करणारा म्हणून होऊ नये.

बालवाडी_ताई_ठाणे

मी नौपाड्यात बालवाडी चालवते. माझ्याकडे सैन्यातल्या आणि जहाजावरच्या वडिलांची मुले अधूनमधून येत असतात. सीनियर केजीतल्या मुलाला "तीन महिने" म्हणजे काय ते समजत नाही. त्याचा काळ प्रसंगांनी मोजला जातो. त्यामुळे मी पालकांना सुचवते की सणांची खूण द्यावी, म्हणजे गणपती झाले, नवरात्र झाले, मग दिवाळी, आणि दिवाळीच्या आसपास बाबा. मुलांना त्यामुळे धीर येतो.

शाळेलाही सांगून ठेवा. आमच्याकडे एका मुलाने चित्रात फक्त आई आणि आजी काढली, तेव्हा मदतनीस बाईंनी "बाबा राहिले की" म्हणून सहज विचारले आणि तो दिवसभर बोलला नाही. आम्हाला आधी कळले असते तर आम्ही बाबांसाठी वेगळा कागद दिला असता.

दर्यावरची_नेरूळ

ताई, तुमचा अनुभव मोठा आहे, पण सणाच्या खुणेबद्दल माझे मत वेगळे आहे आणि ते नम्रपणे मांडते. माझे यजमान नौदलात आहेत. आपल्या नौदलाचे एखादे तरी जहाज ऑक्टोबर २००८ पासून एडनच्या आखातात चाचेगिरीविरोधी गस्तीवर कायम असते, आणि अशा तैनातीवर गेलेले जहाज परतण्याचा दिवस घरच्यांनी गृहीत धरायचा नसतो. एका वर्षी मी मुलाला "गणपतीत बाबा" असे सांगावे यासाठी घरातून फार आग्रह झाला, पण मी ते सांगितले नाही. त्या वर्षी जहाजाचे परतणे पुढे गेले. मुलाला गणपती नेहमीसारखा मिळाला, आरती, मोदक, विसर्जन सगळे. माझ्या शेजारणीच्या मुलीला मात्र तसे सांगितलेले होते. ती मखरासमोर बसून दाराकडे पाहत राहिली आणि पुढच्या वर्षी गणपती आणायची वेळ आली तेव्हा "मला नको गणपती" म्हणाली. सणाला वचनाशी बांधले की वचनाबरोबर सणही जातो.

मी काय करते ते सांगते. भिंतीवरच्या कालनिर्णयावर मुलगा रोज रात्री त्या दिवसाच्या चौकटीत एक टिकली लावतो. उरलेले दिवस आम्ही मोजत नाही, कारण ते कोणाला माहीत नसतात. झालेले दिवस मोजतो. "बाबांशिवाय एवढे दिवस आपण नीट राहिलो" हे त्याला दिसते, आणि ते खरे असते. बाबा आले की ती पाने तो त्यांना दाखवतो.

बालवाडी_ताई_ठाणे

तुमचा मुद्दा मला पटला. माझ्याकडची उदाहरणे बहुतेक व्यापारी जहाजांवरची आहेत. तेथे कराराची मुदत ठरलेली असते, म्हणून सणाची खूण चालून जाते. जेथे परतीचा दिवस दुसऱ्याच्या हुकमावर आहे तेथे टिकल्यांची पद्धत अधिक चांगली. मी ती आमच्या पालकांना सांगेन.

घणसोलीची_आई

सर्वांचे मनापासून आभार. आजींचा प्रतिसाद मी सासूबाईंना वाचून दाखवला. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "मग तू सांग, मी पण तसंच सांगेन." एका घरात दोन उत्तरे मिळू नयेत एवढे आमच्यात ठरले, हेच मला मोठे वाटते.

आणखी काही विचारते. पहिले म्हणजे फोन. यजमानांना नेटवर्क मिळते तेव्हा ते अधीर होऊन व्हिडिओ कॉल करतात आणि मुलगी दोन वाक्ये बोलून पळून जाते. त्यांना वाईट वाटते, मग मी तिला ओढून आणते आणि ती आणखीच चिडते. दुसरे, गेले काही आठवडे ती रात्री अंथरूण ओले करू लागली आहे; आधी पूर्ण थांबले होते. तिसरे, टीव्हीचे काय करावे? मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर सुरू झाले, त्याच ७ तारखेला नागरी संरक्षणाची मॉक ड्रिलही होती आणि ठाण्याचे नाव त्या यादीत होते. घरात दिवसभर वृत्तवाहिन्या चालू असायच्या. त्यांवर भोंग्याचा आवाज इतका वाजे की अखेर सरकारला १० मे रोजी वाहिन्यांना तो न वापरण्याची सूचना द्यावी लागली. मुलगी तेव्हा लहान होती, तरी रुग्णवाहिकेचा आवाज आला की ती अजून माझ्याजवळ येऊन उभी राहते.

बालरोग_ऐरोली

मी बालरोगतज्ज्ञ आहे. येथे तपासणी होऊ शकत नाही, त्यामुळे सर्वसाधारण माहिती देतो.

सुटलेली सवय परत येणे, म्हणजे अंथरूण ओले होणे, अंगठा चोखणे, बोबडे बोलणे, आईला चिकटून राहणे, हे या वयात ताणाचे नेहमीचे लक्षण आहे. तुमच्या मुलीच्या वाट्याला धाकटा भाऊ आणि वडिलांचे जाणे हे दोन्ही जवळजवळ एकत्र आले. रागावू नये, भावासमोर किंवा पाहुण्यांसमोर त्याचा उल्लेख करू नये, झोपण्यापूर्वी लघवीला न्यावे, आणि सकाळी चादर बदलताना तिची मदत घेतली तरी ती शिक्षा वाटू नये. लघवीला जळजळ, ताप किंवा सारखी तहान असेल, अथवा हे बरेच दिवस चालू राहिले, तर डॉक्टरांना दाखवून लघवीची तपासणी करून घ्यावी. सगळेच मनाचे आहे असे गृहीत धरू नये.

मुलाबद्दल तुम्ही विचारले नाही, पण सांगणे आवश्यक आहे. साधारण आठव्या महिन्यापासून बाळाला अनोळखी माणसाची भीती वाटू लागते आणि दुसऱ्या वर्षात ती ओसरते. तुमचे यजमान बहुधा याच काळात घरी येतील. बाळ त्यांच्याकडे पाहून किंचाळेल, तुमच्या खांद्यात तोंड खुपसेल. ते बाळाच्या वाढीचे लक्षण आहे, बापाला नाकारणे नव्हे. हे त्यांना फोनवर आत्ताच समजावून सांगा. आल्याआल्या बाळाला हातात देऊ नका. तुम्ही बाळाला घेऊन बसा, त्यांनी जवळ बसून मुलीशी बोलावे आणि बाळाला दुरून पाहू द्यावे. बाळ स्वतःहून हात पुढे करेपर्यंत थांबावे.

टीव्हीबाबत माझे उत्तर स्पष्ट आहे: मुले जागी असताना बातम्या बंद. आजोबांना बातम्या हव्या असतील तर त्यांनी कानाला लावून ऐकाव्यात. रुग्णवाहिकेच्या आवाजाला ती घाबरते तेव्हा "काही नाही गं" म्हणण्याऐवजी खिडकीत नेऊन गाडी दाखवा आणि ती कोणाला दवाखान्यात घेऊन चालली आहे ते सांगा.

बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावरचा गोवर-रुबेलाचा डोस दिला असेलच. राहिला असेल तर महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात तो विनामूल्य मिळतो, त्यासाठी कुलाब्याच्या अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयापर्यंत जाण्याची गरज नाही.

दर्यावरची_नेरूळ

फोनबद्दल लिहिते. लहान मूल फोनवर गप्पा मारत नाही, ते काहीतरी करत असताना बोलते. म्हणून कॉल आला की आम्ही मुलाला फोनसमोर बसवत नाही. फोन त्याच्या जेवणाच्या ताटाजवळ किंवा ठोकळ्यांजवळ उभा करून ठेवतो. बाबा तिकडे चहा पितात, हा इकडे वरणभात खातो. कधी दोघे दहा मिनिटे काहीच बोलत नाहीत. पहिल्यांदा यजमानांना ते विचित्र वाटले, पण आता त्यांनाही त्यातच बरे वाटते, कारण घरी असते तर असेच झाले असते.

जहाज समुद्रात असताना बोलणे होत नाही. त्यासाठी ते निघण्यापूर्वी गोष्टी बोलून ध्वनिमुद्रित करून ठेवतात, त्याही घरातल्या: आजोबांच्या विहिरीची, गावच्या म्हशीची. त्या फोनमध्ये साठवलेल्या असल्याने नेटवर्क लागत नाही. तुमच्या यजमानांनी सुट्टीत असे काही करून ठेवले तर बाळालाही त्यांचा आवाज ओळखीचा होईल.

परत येण्याबद्दल डॉक्टरांनी लिहिलेच आहे. त्यात एवढेच जोडते की, घराचा दिनक्रम तुम्ही अनेक महिने एकटीने बसवलेला असतो आणि ते आल्यावर पहिल्या आठवड्यातच "हिला एवढा वेळ जागे का ठेवता", "याला असे का भरवता" असे सुरू होते. त्यात त्यांचा दोष नाही, त्यांना बाप म्हणून काहीतरी करायचे असते. म्हणून आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून एक काम पूर्ण त्यांच्याकडे द्या. शाळेत सोडणे असेल किंवा संध्याकाळची आंघोळ असेल. त्यात आपण शिरायचे नाही, वेणी वाकडी राहिली तरी.

साताऱ्याची_सून_घरी

मी थोडा वेगळा विचार मांडते. सासऱ्यांचे गाव सातारा जिल्ह्यात असेल तर मुले घेऊन गावीच का राहत नाही? आमच्याकडे अपशिंगे मिलिटरीसारखी गावे आहेत, जेथे घरटी फौजी आहेत. तेथे बाप लांब असणे कोणाला वेगळे वाटत नाही. एखाद्या मुलाने "माझे बाबा ड्यूटीवर" म्हटले की दुसरा म्हणतो "माझे पण". घणसोलीच्या सोसायटीत तुमच्या मुलीला असे म्हणणारे कोण भेटणार? नाहीतर सेपरेटेड फॅमिली (एसएफ) क्वार्टरसाठी, म्हणजे जवान फील्डवर असताना कुटुंबाला मिळणाऱ्या सरकारी घरासाठी, अर्ज करा.

घणसोलीची_आई

तुमचे म्हणणे खरे आहे आणि मी त्याचा विचार केला आहे. आजूबाजूला सगळ्यांचे वडील संध्याकाळी ठाण्याच्या लोकलमधून उतरून घरी येतात, हे मुलगी खिडकीतून पाहते, आणि त्याचे दुःख मला रोज दिसते. तरीही मुलीची शाळा येथे रुळली आहे, सासऱ्यांचे उपचार येथे चालू आहेत आणि माझे माहेर ऐरोलीला आहे. बाळ तापाने फणफणले तर आई पहाटेच्या पहिल्या गाडीने येऊ शकते. एसएफ क्वार्टरसाठी प्रतीक्षायादी आहे, आणि क्वार्टर मिळाले तरी आजी-आजोबा सुटतील. वडील लांब असताना आजोबाही तोडायचे, हे मला जमणार नाही. शाळेच्या आजी-आजोबा दिवसाला सासरे फेटा बांधून गेले होते आणि मुलगी आठवडाभर तेच सांगत होती. सुट्टीत मात्र मुलांना गावी नक्की पाठवेन, तुम्ही म्हणता तशी सोबत तेथेच मिळेल.

पाचपाखाडीची_आजी

योग्य निर्णय आहे. आता तुमच्याबद्दल. संपूर्ण धाग्यात तुम्ही स्वतःविषयी एक ओळ लिहिलेली नाही. दहा महिन्यांचे बाळ रात्री उठते, मुलीची चादर बदलायची, सकाळी डबा, आणि वर फोन वाजला की छातीत धस्स होणे. रात्री मुले झोपल्यावर रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, भूक-झोप गेली असेल तर ते अंगावर काढू नका. आठवड्यातून एक ठरलेली वेळ अशी हवी की मुले आईकडे किंवा सासूबाईंकडे आणि तुम्ही घराबाहेर. कामासाठी नव्हे.

बालरोग_ऐरोली

आजींच्या सूचनेला जोड देतो. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे. तो विनामूल्य असून चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. सैन्यदलांतील लोक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसी या सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्याचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला आहे. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात आईला उदासीनता येणे हा उपचाराने बरा होणारा आजार आहे. त्याचा तुमच्या धीटपणाशी काहीही संबंध नाही.

घणसोलीची_आई

आजी, डॉक्टर, आपण विचारलेत त्याने भरून आले. झोप कमी आहे, बाकी अजून सावरलेली आहे. रविवारी सकाळी आईने मुलांना सांभाळायचे असे आज तिच्याशी बोलून ठरवले, आणि तो क्रमांक फोनमध्ये साठवून ठेवला आहे. चादरीचे काम आता मुलगी माझ्याबरोबर करते आणि मी काहीच बोलत नाही. कालनिर्णयावर टिकल्याही सुरू केल्या आहेत.

सुभेदार काका, आपल्याला एक कागदपत्रांचे विचारायचे आहे. बाळाचा जन्मदाखला महापालिकेकडून मिळाला आहे, पण युनिटच्या कागदांत त्याचे नाव अजून लागलेले नाही, असे यजमान म्हणाले. अश्विनीत न्यायची वेळ आली तर अडचण होईल का?

निवृत्त_सुभेदार_कळवा

सूनबाई, हे काम सुट्टीची वाट न पाहता करून टाका. जन्मदाखल्याची स्पष्ट प्रत यजमानांना पाठवा. ते युनिटच्या कार्यालयात देतील आणि बाळाच्या नावाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सेवेच्या नोंदीत बदल करणारा आदेश, निघेल. ती निघाल्यावरच बाळ अवलंबित म्हणून नोंदले जाते आणि पुढे डिपेंडंट कार्ड होते. दाखल्यावरचे बाळाचे, तुमचे आणि यजमानांचे नाव सर्व्हिस रेकॉर्डमधल्या नावाशी अक्षरशः जुळते का, हे पाठवण्याआधी पाहा. एका अक्षराचा फरक असला तरी कागद परत येतो. ऑर्डर निघाली की तिचा क्रमांक व तारीख तुमच्याकडे लिहून ठेवा.

मुलगी सीनियर केजीत आहे, तर तिचा बालशिक्षण भत्ताही मागायला विसरू नका. १ जानेवारी २०२४ पासून तो प्रत्येक मुलामागे दरमहा २८१२ रुपये ५० पैसे आहे आणि दोन मुलांसाठी मिळतो. शैक्षणिक वर्ष संपल्यावर शाळेकडून मूल तेथे वर्षभर शिकत होते असा दाखला घ्यायचा आणि तो यजमानांकडे पाठवायचा. शाळा कधीकधी नुसते बोनाफाईड देते. त्यात वर्ष आणि इयत्ता लिहिलेली असल्याची खात्री करून घ्या. काही अडले तर ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. सेवेत असलेल्या जवानांच्या कुटुंबांनाही तेथे मार्गदर्शन मिळते. जाताना यजमानांचा आर्मी नंबर, विवाहाचा दाखला आणि दोन्ही मुलांच्या जन्मदाखल्यांच्या प्रती बरोबर ठेवा.